भाव उतरला की बरणी भरा
घरच्या लोणच्याचे शास्त्र, कृती आणि हिशोब

काकडीचे पीक शेतकऱ्याला थांबू देत नाही. बी टोकल्यापासून साधारण दीड महिन्यात पहिला तोडा निघतो आणि मग एक दिवसाआड माल काढावाच लागतो. दोन दिवस जास्त राहिली तर काकडी जून होते, बी धरते, पिवळी पडते आणि वेलही पुढचे फळ धरायला आळस करतो. त्यामुळे भाव असो वा नसो, माल बाजारात येतो. सगळ्यांचा एकदम आला की दर कोसळतो आणि संध्याकाळी पाटीत उरलेल्या काकडीकडे कुणी बघत नाही.

वाळवा तालुक्यातले आमचे आष्टा हे कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधले, काळ्या रानातले गाव. उसाचा पट्टा म्हणून आमची ओळख. पण उसाच्या कडेने, मधल्या मोकळ्या तुकड्यात आणि दोन पिकांच्या मधल्या काळात भाजीपालाही निघतो. कृष्णाकाठची वांगी सगळ्यांना ठाऊक आहेत. काकडी, गाजर, मुळा, मिरची, फ्लॉवर हेही हंगामात भरपूर. या भागात आपल्या समाजातल्या बागवान घरांचे पोट पिढ्यान् पिढ्या भाजी-फळांच्या व्यापारावर चालत आले आहे. विकले ते पैशात येते आणि न विकलेले घरी येते. घरी आलेल्याची दोन दिवस कोशिंबीर होते, तिसऱ्या दिवशी ते म्हशीपुढे पडते.

खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, ही शिकवण (सूरह अल-आराफ, आयत 31) आपण मुलांना ताटात अन्न टाकू नका म्हणून सांगतो. ती पाटीतल्या उरलेल्या भाजीलाही लागू आहे. बरणी हा त्यावरचा जुना आणि स्वस्त उपाय. मात्र तो नीट समजून केला पाहिजे. कारण लोणचे बिघडले तर फक्त भाजी वाया जात नाही, घरातले माणूस आजारी पडू शकते.

लोणचे, आचार आणि मर्तबान

मराठीतला ‘लोणचे’ हा शब्द लवण म्हणजे मिठावरून आला. आपल्या घरात बोलला जाणारा ‘आचार’ फारसीतून आला. सिरका हा शब्दही फारसीच. इराण, तुर्कस्तान आणि अरब देशांत भाज्यांच्या लोणच्याला ‘तुर्शी’ किंवा ‘तोर्शी’ म्हणतात. फारसीत ‘तुर्श’ म्हणजे आंबट. अरबीतला ‘मुखल्लल’ हा शब्द ‘खल्ल’ म्हणजे सिरक्यावरून बनला. आखाती देशांत नोकरी करून आलेल्या आपल्या मंडळींनी तिथल्या प्रत्येक दस्तरखानावर काकडी, सलगम आणि गाजराची ही आंबट वाटी पाहिलेली असते.

चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याने हिंदुस्थानातल्या लोकांचे लोणचे बारकाईने पाहिले होते. कच्चे आंबे, आले आणि मिरी मिठात मुरवतात आणि जेवताना घासाबरोबर थोडेथोडे खातात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे. मोठ्या बरणीला आपण ‘मर्तबान’ म्हणतो, ते नाव ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून पडले. तिथून अशा बरण्या जहाजांनी दूरदूर जात.

आजही काकडीचा मोठा व्यापार चालतो. बोटाएवढ्या लहान काकडीला, म्हणजे गर्किनला, परदेशात मोठी मागणी आहे. कर्नाटक, तामिळनाडू आणि आंध्र प्रदेशातले लहान शेतकरी ती कराराने पिकवतात आणि कारखाने ती मिठाच्या पाण्यात किंवा सिरक्यात घालून बाहेर पाठवतात. 2020-21 या वर्षात भारतातून गेलेल्या काकडी-गर्किनची किंमत 20 कोटी डॉलरच्या पुढे गेली. कारखाना जे करतो त्यामागचे तत्त्व घरच्या बरणीत तेच असते.

लोणचे टिकते कशामुळे?

याचे उत्तर बहुतेक घरांत ‘तेलामुळे’ असे मिळते. ते अर्धेच खरे आहे. भाजी टिकवणाऱ्या गोष्टी तीन : मीठ, आंबटपणा आणि कोरडेपणा. तेलाचे काम त्यानंतरचे. ते वरून झाकण घालते, हवा आत जाऊ देत नाही आणि त्यामुळे बुरशी धरत नाही. पण तेल जंतू मारत नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवण्याचे कारण गंभीर आहे. ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नावाचा एक जंतू मातीत असतो आणि हवा नसलेल्या जागीच वाढतो. तो जे विष तयार करतो त्याला वास नसतो, चव नसते आणि ते माणसाच्या नसा लुळ्या पाडते. आंबटपणा पुरेसा असेल तर हा जंतू वाढत नाही. म्हणून सोललेला लसूण किंवा ओल्या मिरच्या नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची जी पद्धत काही घरांत आहे, ती बंद करावी. लसूण घालायचाच तर लिंबाच्या रसात किंवा सिरक्यात बुडवून घालावा आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवावी.

काकडी कशी निवडावी

काकडीत शंभरातले सुमारे 95 भाग पाणीच असते. जितकी जून, तितके बी आणि पाणी जास्त. लोणच्याला कोवळी, टणक, हिरवी, बोटभर ते वीतभर लांबीची आणि शक्यतो त्याच दिवशी तोडलेली काकडी घ्यावी. पावसाळ्यात मिळणारे कोवळे वाळूकही चालते. डाग पडलेली, मऊ पडलेली किंवा दबलेली काकडी घेऊ नये. ती कोशिंबिरीला वापरावी.

काकडीची दोन्ही टोके कापतात, पण कारणे वेगळी आहेत. कडूपणा मुख्यतः देठाकडे असतो, म्हणून ते टोक कापून चाखून पाहावे. मऊपणा मात्र फुलाकडच्या टोकामुळे येतो. तिथे असलेली विकरे मुरताना काकडी गिळगिळीत करतात. फुलाकडचे टोक गव्हाच्या दाण्याएवढे जरी कापून टाकले तरी काकडी करकरीत राहायला मदत होते. तुर्कस्तानात आणि युरोपात त्यासाठी बरणीत द्राक्षाचे पानही घालतात. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागांना तोटा नाही, पण त्यांवर औषधाची फवारणी झालेली असते. म्हणून बागेतले पान आणून घालू नये. टोक कापणे पुरेसे आहे.

मिठाच्या पाण्यातली काकडी

यात तेल नाही आणि सिरकाही अगदी थोडाच. मिठामुळे वाईट जंतू मागे पडतात आणि काकडीच्या सालीवरचे चांगले जंतू वाढून दह्यासारखे आम्ल तयार करतात. हेच आम्ल काकडीला आंबट करते आणि टिकवते.

साहित्य : कोवळी काकडी 1 किलो, पाणी 1 लिटर, मीठ 75 ग्रॅम, सिरका 2 मोठे चमचे, मोहरी 1 चमचा, मिरी 10 दाणे, लसणाच्या 6 पाकळ्या, बडीशेप 1 चमचा, 2 हिरव्या मिरच्या.

पाणी उकळून त्यात मीठ विरघळवा आणि पूर्ण गार करा. मग त्यात सिरका घाला. काकडी तीन पाण्यांनी धुऊन, टोके कापून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत उभी दाबून भरा. मसाला घाला आणि वरून पाणी ओता. काकडी पाण्याखालीच राहिली पाहिजे. त्यासाठी वर एक लहान बशी आणि तिच्यावर पाण्याने भरलेली स्वच्छ काचेची वाटी ठेवा. झाकण घट्ट लावू नका, कारण आत वायू तयार होतो. बरणी ताटात ठेवा, म्हणजे उतू गेलेले पाणी ओट्यावर येणार नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसतात आणि पाणी गढूळ होते. ते बिघडल्याचे नव्हे, काम सुरू झाल्याचे लक्षण आहे. वरती पांढरा पातळ साय-सारखा थर आला तर रोज चमच्याने काढून टाका. मात्र हिरवी, काळी, गुलाबी केसाळ बुरशी धरली, काकडी गिळगिळीत झाली किंवा कुजका वास आला तर चाखूनही न पाहता सगळे फेकून द्या. वरचे काढून खालचे खाणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

आपल्याकडच्या उष्णतेत हे काम लवकर होते. श्रावणापासून थंडीपर्यंतचा काळ त्यासाठी चांगला. वैशाखातल्या उकाड्यात काकडी आंबट होण्याआधीच मऊ पडते. तेव्हा हा प्रकार टाळून सिरक्याचे लोणचे करावे. चार-पाच दिवसांत चव आंबट झाली की बरणी फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत संपवा.

सिरक्यातली मिश्र भाजी

वेळ नसलेल्या घरांसाठी हा सर्वात सोपा आणि भरवशाचा प्रकार. गाजर, फ्लॉवर, लहान कांदे, मुळा, काकडी आणि मिरची मिळून 1 किलो भाजी घ्या. गाजर आणि फ्लॉवर उकळत्या पाण्यात फक्त एक मिनिट घालून काढा आणि फडक्यावर कोरडे करा. स्टीलच्या पातेल्यात 600 मिली सिरका, 200 मिली पाणी, 40 ग्रॅम मीठ, 2 मोठे चमचे साखर, 1 चमचा मोहरी, थोडी मिरी आणि 4 लवंगा घालून उकळी आणा. भाजी बरणीत भरून त्यावर हे गरम पाणी ओता. गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. तीन दिवसांनी खायला लागा, महिनाभर छान राहते. पुलाव, खिचडा, कबाब कशाहीबरोबर चालते.

सिरका घेताना बाटलीवर आम्लतेचे प्रमाण वाचा. आपल्याकडे 4 टक्क्यांचा सिरका सर्रास मिळतो. तो असेल तर पाणी वर दिले आहे त्यापेक्षा वाढवू नका. घरी केलेला उसाच्या रसाचा किंवा जांभळाचा सिरका कोशिंबिरीवर जरूर घ्या, पण साठवणीच्या लोणच्यात वापरू नका. त्याची आम्लता किती हे डोळ्यांनी कळत नाही. ॲल्युमिनियम, तांबे आणि बिनकल्हईचे पितळ सिरक्यापासून दूर ठेवा, आम्लामुळे धातू अन्नात उतरतो.

‘सिरका आपल्याला चालतो का?’ हा प्रश्न अनेक भगिनींच्या मनात असतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घरात सालन म्हणून फक्त सिरका आहे असे कळल्यावर तोच मागवून घेतला आणि त्याची स्तुती केली, अशी हदीस हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आली आहे. दुकानातला स्वस्त ‘सिंथेटिक’ सिरका असिटिक आम्लात पाणी घालून बनवलेला असतो, त्यात दारूचा संबंध येत नाही. रस आंबून आपोआप सिरका झाला असेल तर तो पाक आहे, यावर आलिमांचे एकमत आहे. दारूत मुद्दाम काही मिसळून केलेल्या सिरक्याबाबत मात्र मतभेद आहेत. हनफी मजहबात तो जायज मानला जातो, शाफई मजहबात नाही. देशावरची बहुतेक घरे हनफी आणि कोकणातली बरीच घरे शाफई आहेत, हे पाहुण्यांसाठी लोणचे घालताना लक्षात ठेवावे. परदेशी वाइन-सिरका घ्यायचा असेल तर आधी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

मोहरी-तेलाचे लोणचे

आपल्या जिभेला खरे समाधान देणारे लोणचे हेच. भाजी 1 किलो (गाजर, फ्लॉवर, काकडी आवडीच्या प्रमाणात). काकडी उभी चिरून मधले बी काढून टाका. तिला थोडे मीठ लावून तासभर ठेवा आणि सुटलेले पाणी पिळून फेकून द्या. मग सगळ्या फोडी मलमलच्या फडक्याखाली तीन-चार तास उन्हात सुकवा. काकडीच्या लोणच्याचा जीव या एका पायरीत आहे. पाणी राहिले की लोणचे आठवडाही धड टिकत नाही.

मसाला : मीठ 90 ग्रॅम, मोहरीची डाळ 80 ग्रॅम, तिखट 40 ग्रॅम, हळद 15 ग्रॅम, भाजून कुटलेली मेथी 10 ग्रॅम, हिंग 1 लहान चमचा. याशिवाय लिंबाचा रस किंवा सिरका 200 मिली आणि शेंगदाण्याचे तेल 300 मिली.

मोहरीची डाळ लिंबाच्या रसात घालून झणका नाकात जाईपर्यंत फेसून घ्या. हा झणका नुसता चवीचा नाही, मोहरीतला तो तिखट अंश बुरशीलाही आवर घालतो. त्यात मसाला आणि फोडी कालवा. तेल चांगले तापवून पूर्ण गार करा आणि मगच ओता. तेल फोडींच्या वर बोटभर राहिले पाहिजे. दोन दिवस बाहेर ठेवून रोज कोरड्या चमच्याने हलवा, नंतर फ्रीजमध्ये ठेवा. भाज्यांचे लोणचे कैरीच्या लोणच्यासारखे वर्षभर ठेवायचे नसते. महिना-दीड महिन्यात संपेल एवढेच घाला.

ओल्या हळदीचे लोणचे

हळद म्हणजे सांगलीची शान. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ही हळद शिजवून, वाळवून बाजारात जाण्याआधी, काढणीच्या दिवसांत ओली मिळते, तेव्हा तिचे लोणचे घालण्यासारखे सोपे काही नाही. 250 ग्रॅम ओली हळद आणि 50 ग्रॅम आले सोलून बारीक काप करा. चार-पाच हिरव्या मिरच्या, 40 ग्रॅम मीठ आणि काप बुडतील इतका लिंबाचा रस घाला. चार दिवस फ्रीजमध्ये मुरू द्या. हाताला आधी तेल लावा, नाहीतर मेंदी नसताना हात रंगतात.

बरणीला कुणाचा हात लागावा?

धुतलेला आणि कोरडा, कुणाचाही. हे स्पष्ट सांगण्याची गरज आहे. मासिक पाळीतल्या मुलीने बरणीला हात लावला तर लोणचे नासते, ही समजूत शेजारपाजारातून आपल्याही घरांत शिरली आहे. लोणचे नासते ते ओल्या चमच्याने, कमी मिठाने आणि बुडाशी राहिलेल्या पाण्याने. हजरत आयेशा (रजि.) यांनी पाळी सुरू असल्याचे सांगितले तेव्हा प्रेषितांनी (स.), तुझी पाळी काही तुझ्या हातात नाही, अशा अर्थाचे उत्तर दिल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मुलीला बरणीपासून चार हात लांब उभे करणाऱ्या घरात ती लोणचे घालायला शिकणार कधी? आणि त्या चार दिवसांत आपण अपवित्र आहोत, हे ओझे ती आयुष्यभर वाहते ते वेगळेच.

किती खावे?

प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर दिलेल्या मिठाच्या पाण्यातल्या काकडीचा 50 ग्रॅमचा एक तुकडा खाल्ला तर सुमारे पावणेदोन ग्रॅम मीठ पोटात जाते, म्हणजे दिवसाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा. घरात दादा-दादींना रक्तदाब असेल, कुणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर त्यांच्या ताटात लोणचे नको. त्यांना लिंबू पिळलेली ताजी काकडी द्या. रमजानमध्ये सेहरीला लोणचे खाल्ले की दिवसभर तहान लागते. ते इफ्तारनंतरच्या जेवणात बरे. मात्र बरणीतले मीठ मनाने कमी करू नका. मीठ कमी हवे असेल तर लोणचे कमी खावे, कमी मिठाचे घालू नये.

विकायचे असेल तर

हाताला चव असलेल्या बायका गल्लोगल्ली आहेत. शेजारणी, नातलग फुकट नेतात आणि ‘विकत का नाही?’ असेही विचारतात. घरातून विकायलाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असलेल्या छोट्या व्यवसायासाठी ही साधी नोंदणी असून तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये, असा नियम चालत आला आहे. अर्ज ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर करता येतो. अर्ज करताना तिथे चालू दर आणि मर्यादा पाहून घ्यावी. मिळालेला 14 अंकी क्रमांक बाटलीवर छापावा लागतो. त्याशिवाय घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावे हेही लिहावे.

यंत्र किंवा जागेसाठी भांडवल लागत असेल तर केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्जाला जोडून प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. बचत गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला 40 हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोयही त्यात होती. बचत गटात असाल तर ‘उमेद’ किंवा ‘माविम’च्या कार्यकर्तीला याची सद्यस्थिती विचारा, अर्ज कसा भरायचा तेही तीच सांगेल.

हिशोब मात्र आधी घरी करा. समजा काकडी 15 रुपये किलोने मिळाली. मीठ, मसाला, तेल, लिंबू, बाटली, झाकण, चिठ्ठी आणि गॅस यांचा खर्च काकडीपेक्षा कितीतरी जास्त होतो. त्यातच आपल्या मेहनतीचे तास धरा. चिरणे, सुकवणे, भरणे, धुणे यात अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस शेतातल्या रोजाएवढा तरी धरलाच पाहिजे. बहुतेक जणी तो शून्य धरतात, म्हणून धंदा चालतो असे वाटते आणि वर्षाअखेर हातात काही राहत नाही. पुरुषांना त्यांच्या कमाईचा हिस्सा आहे आणि स्त्रियांना त्यांच्या कमाईचा (सूरह अन-निसा, आयत 32). तेव्हा लोणच्याचे पैसे जिचे हात राबले तिच्या खात्यात जावेत, हे घरातल्या पुरुषांनीच पुढे होऊन पाहावे.

वर्षाचे वेळापत्रक

थंडीत गाजर, फ्लॉवर, मुळा आणि आवळा. हळद काढणीच्या दिवसांत ओली हळद. चैत्र-वैशाखात कैरी आणि करवंद. पावसाळ्यात लिंबू स्वस्त होते तेव्हा लिंबाचे, आणि श्रावणापासून काकडी-वाळूक. एका वेळी एकच किलो घाला. बरणीवर तारीख आणि मिठाचे वजन लिहून चिठ्ठी चिकटवा. पुढच्या खेपेला काय बदलायचे ते ती चिठ्ठीच सांगेल. आणि पहिली वाटी शेजारी पाठवा. चव कशी झाली हे घरातल्यांपेक्षा शेजारीण जास्त खरे सांगते.